व्यक्तिरेखा व प्रतीकांचे विश्लेषण (शालेय साहित्याभ्यास)

व्यक्तिरेखा व प्रतीकांचे विश्लेषण ही साहित्यकृतीच्या अभ्यासाची एक मूलभूत पद्धत आहे. कथा, कादंबरी, नाटक किंवा कवितेतील माणसे कशी उभी केली आहेत आणि त्यातील वस्तू, प्रसंग, रंग किंवा स्थळे आपल्या नेहमीच्या अर्थापलीकडे काय सुचवतात, याचा शोध या पद्धतीत घेतला जातो. महाराष्ट्रातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांमध्ये व्यक्तिचित्रण, रसग्रहण व स्वमत या प्रकारच्या प्रश्नांतून विद्यार्थ्यांचा या पद्धतीशी परिचय होतो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात हा विषय विशेष अभ्यासनीय ठरतो. नांदेड ही समीक्षक नरहर कुरुंदकर यांची कर्मभूमी होती आणि मराठवाड्यातील ग्रामीण व दलित साहित्यात शेती, बाजार, दुष्काळ व सामाजिक संघर्ष यांतूनच व्यक्तिरेखा आणि प्रतीके घडलेली आढळतात.

संज्ञा

साहित्यकृतीत शब्दांच्या साहाय्याने निर्माण केलेल्या माणसाला व्यक्तिरेखा किंवा पात्र म्हणतात. ती निर्माण करण्याच्या प्रक्रियेला व्यक्तिचित्रण असे म्हटले जाते. मराठीत 'व्यक्तिचित्र' हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारही आहे. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. व्यक्तिचित्रात माणूस हाच लेखनाचा विषय असतो. कथा-कादंबरीतील व्यक्तिरेखा मात्र कथानक, वातावरण व इतर पात्रे यांच्याशी बांधलेली असते, त्यामुळे तिचा विचार या संबंधांसह करावा लागतो.

प्रतीकाची संज्ञा समजून घेण्यासाठी तिच्या जवळच्या संज्ञांपासून तिचे वेगळेपण ध्यानात घेणे आवश्यक असते.

प्रतिमा: इंद्रियांना जाणवेल असे शब्दचित्र. तिच्यामागे दुसरा अर्थ असेलच असे नाही.

रूपक: दोन गोष्टींचा अभेद कल्पून केलेली मांडणी. येथे दोन्ही बाजू वाचकासमोर असतात.

दृष्टांत: एखादे तत्त्व पटवून देण्यासाठी सांगितलेले उदाहरण. त्याचा अर्थ सांगणाऱ्याने निश्चित केलेला असतो.

प्रतीक: साहित्यकृतीत स्वतःचे वास्तव अस्तित्व असणारी आणि त्याच वेळी व्यापक आशय सुचवणारी गोष्ट. तिचा अर्थ कृतीत उघड सांगितलेला नसतो, तो संदर्भांतून उलगडतो.

रूपककथेत संपूर्ण कथाच दुहेरी अर्थाने चालते. इयत्ता दहावीच्या 'कुमारभारती' या पाठ्यपुस्तकात समाविष्ट असलेली वि. स. खांडेकर यांची 'गवताचे पाते' ही या प्रकारची कथा आहे. तिच्यातील गळणारे पान आणि गवताचे पाते ही पात्रे पिढ्यांमधील दुरावा सूचित करतात. अशा कथेत व्यक्तिरेखा व प्रतीक एकाच ठिकाणी येतात. वास्तववादी कथेत ती वेगवेगळी असतात, पण एकमेकांच्या आधाराने अर्थ घेतात.

पूर्वपीठिका

भारतीय परंपरेत पात्रांचा विचार नाट्यशास्त्रापासून आढळतो. संस्कृत नाट्यविचारात नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत व धीरप्रशांत असे चार प्रकार मानले आहेत. हे वर्गीकरण प्रामुख्याने स्वभावाच्या ठरीव साच्यांवर आधारलेले आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात काव्याचा खरा आशय वाच्यार्थापलीकडे सूचित होत असतो, असा सिद्धांत मांडला. आधुनिक प्रतीकविचार व ध्वनिसिद्धांत एकच नाहीत, परंतु सांगितलेल्या अर्थाहून सुचवलेला अर्थ महत्त्वाचा, ही जाणीव दोहोंना समान आहे.

मराठी गद्याच्या आरंभकाळात महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची रचना दिसते. केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात चक्रधरस्वामींचे सूत्र, त्यासाठी दिलेला दृष्टांत आणि त्या दृष्टांताचा तत्त्वाशी लावलेला संबंध असा क्रम आहे. हत्तीला निरनिराळ्या अवयवांवरून ओळखणाऱ्या जन्मांधांचा दृष्टांत त्यात येतो. या रचनेतील तिसरे अंग, म्हणजे दार्ष्टांतिक, वाचकाला अर्थ सांगून टाकते. आधुनिक कथेत हे तिसरे अंग बहुधा नसते आणि ते काम वाचकाकडे येते. शाळेतील प्रतीकविषयक प्रश्नाचे स्वरूप यावरून स्पष्ट होते: विद्यार्थ्याने न लिहिलेला दार्ष्टांतिक पुराव्यासह लिहावा, अशी त्यात अपेक्षा असते.

पाश्चात्त्य समीक्षेत ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत व्यक्तिरेखांचे सपाट व गोलाकार असे दोन प्रकार सांगितले. एकाच गुणाभोवती रचलेली व्यक्तिरेखा सपाट, तर पटण्याजोगा अनपेक्षितपणा दाखवू शकणारी व्यक्तिरेखा गोलाकार मानली जाते. मराठी अध्यापनात हे वर्गीकरण एकपदरी व बहुपदरी अशा शब्दांतही मांडले जाते. सपाट व्यक्तिरेखा म्हणजे सदोष व्यक्तिरेखा नव्हे. विनोदी किंवा दुय्यम पात्रांच्या बाबतीत ती योग्यही ठरते.

नरहर कुरुंदकर यांचे कार्य

नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे नांदेड येथे आधी शाळेत शिक्षक, नंतर पीपल्स कॉलेजमध्ये प्राध्यापक व प्राचार्य होते. साहित्य, इतिहास, संगीत, नाट्य व राजकारण अशा अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. 'धार आणि काठ' या ग्रंथात त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा परामर्श घेतला आहे.

व्यक्तिचित्रणाच्या दृष्टीने त्यांचे विशेष उल्लेखनीय लेखन म्हणजे रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या शिवाजी महाराजांवरील कादंबरीची प्रस्तावना. कुरुंदकरांनी देसाई यांना लिहिलेले दीर्घ पत्रच कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले गेले. ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासात उद्भवणारा प्रश्न त्यातून समोर येतो: इतिहासातील माणूस आणि कादंबरीतील माणूस यांचे नाते कसे असावे? इतिहासकाराला साधनांच्या पुराव्याची मर्यादा असते. कादंबरीकाराला मनोव्यापार कल्पिता येतात, परंतु ते त्या काळाशी व त्या माणसाच्या ज्ञात कृतींशी सुसंगत असावे लागतात.

शालेय लेखनात हा भेद महत्त्वाचा ठरतो. ऐतिहासिक व्यक्तीवरील पाठाचे उत्तर लिहिताना इतिहासाच्या पुस्तकातील माहिती भरणे म्हणजे व्यक्तिरेखेचे विश्लेषण नव्हे. लेखकाने उपलब्ध घटनांपैकी कोणत्या निवडल्या, कोणत्या गाळल्या आणि कोणत्या क्षणी पात्राला बोलते केले, हे पाहणे म्हणजे विश्लेषण होय.

व्यक्तिरेखेच्या विश्लेषणाची साधने

व्यक्तिचित्रण प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशा दोन मार्गांनी होते. 'तो कंजूष होता' असे निवेदकाने सांगणे हे प्रत्यक्ष चित्रण. पाहुणा आल्यावर पात्राने दिव्याची वात बारीक करणे हे अप्रत्यक्ष चित्रण. दुसऱ्या प्रकारात निष्कर्ष वाचकाने काढायचा असतो. त्यासाठी पुढील अंगांचा आधार घेतला जातो.

कृती: पात्र अडचणीच्या प्रसंगी काय करते आणि काय करण्याचे टाळते.

भाषा: पात्राची बोली, शब्दांची निवड, बोलण्यातील संकोच, तसेच त्याचे मौन.

परस्परसंबंध: निरनिराळ्या माणसांशी पात्राचे वागणे कसे बदलते. वडीलधाऱ्यांशी नम्र असणारे पात्र गड्याशी कसे बोलते, यावरून त्याचा स्वभाव अधिक कळतो.

निवेदक: पात्राची माहिती कोण देत आहे. निवेदक लहान मूल, नातेवाईक किंवा विरोधक असल्यास त्याच्या कथनाची मर्यादा लक्षात घ्यावी लागते.

बदल: आरंभी व अखेरीस पात्र तेच राहते काय, आणि बदल झाला असल्यास त्याचे कारण कृतीत आहे काय.

बोलीचे अंग मराठवाड्यातील साहित्यात विशेष लक्षणीय आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचा कारभार उर्दूत चाले. नांदेड जिल्ह्याची सीमा तेलंगण व कर्नाटकाला, तर लातूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकाला लागून आहे. येथील बोलीवर दख्खनी उर्दू, तेलुगू व कन्नड यांच्या सान्निध्याचा परिणाम झालेला आहे. त्यामुळे पात्राच्या तोंडी असलेली बोली त्याचे गाव, पिढी, शिक्षण व सामाजिक स्थान सूचित करू शकते. 'पात्र ग्रामीण भाषा बोलते' एवढी नोंद यासाठी अपुरी ठरते. तेच पात्र कचेरीत गेल्यावर प्रमाण मराठीकडे वळते काय आणि ते बोलताना अडखळते काय, असे प्रश्न अधिक उपयुक्त ठरतात.

उदाहरण: 'लाल चिखल'

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही मराठवाड्यातील ग्रामीण कथेतील एक महत्त्वाची कथा आहे. शालेय पाठ्यपुस्तकातही तिचा समावेश झाला होता. शाळेत जाणारा शेतकऱ्याचा मुलगा या कथेचा निवेदक आहे. शेतातील टोमॅटो बाजारात विकण्यासाठी आणले जातात, भाव कोसळतो आणि अखेरीस वडील स्वतःच्या पायांनी टोमॅटो तुडवतात.

निवेदक मूल असल्याने बाजारभाव का पडतो, याचे अर्थशास्त्र कथेत सांगितले जाण्याची गरज राहत नाही. मुलाला जे दिसते तेच वाचकाला दिसते. मुलाच्या पाहण्यात आणि वाचकाच्या समजण्यात जे अंतर पडते, त्यातून कथेचा परिणाम साधला जातो. मुलगा स्वतः विक्रीच्या कामात असल्यामुळे तो केवळ साक्षीदारही राहत नाही.

वडिलांच्या व्यक्तिरेखेचा कळस त्यांच्या शेवटच्या कृतीत आहे. पीक वाढवणाऱ्या माणसाने ते पायदळी तुडवावे, ही कृती वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु कथेतील आधीचे प्रसंग लक्षात घेतल्यास ती विसंगती राहत नाही. मालाला मिळणारा भाव हा शेतकऱ्याच्या श्रमाचा भाव असतो. तो नाकारला गेल्यावर माल फुकटात दुसऱ्याच्या हाती जाऊ न देता नष्ट करणे, हा त्याच्या हाती उरलेला एकमेव निर्णय ठरतो. या कृतीत संताप व असहायता आहेच, शिवाय स्वाभिमानही आहे.

टोमॅटो व चिखल यांचे प्रतीकात्मक रूप याच कृतीतून सिद्ध होते. टोमॅटोचा अर्थ कथेच्या ओघात बदलत जातो. शेतात ते श्रमाचे फळ असते, बाजारात ती विक्रीची वस्तू होते आणि अखेरीस त्याचा चिखल होतो. शेतकऱ्याच्या अनुभवात चिखल ही एरवी पावसाची व पेरणीच्या आशेची खूण असते. या कथेतील चिखल मात्र पावसाचा नाही, तो पिकाचाच आहे. शीर्षकातील दोन साधे शब्द शेवटच्या प्रसंगानंतर वेगळ्या अर्थाने वाचले जातात. लाल रंग पिकलेपण, रक्त व संताप अशा अनेक छटा सुचवू शकतो. त्यांपैकी एकच छटा 'बरोबर उत्तर' म्हणून ठरवल्यास प्रतीकाचा आशय संकोचतो.

उदाहरण: 'वाटा-पळवाटा'

नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांच्या 'वाटा-पळवाटा' या नाटकात आंबेडकरी चळवळीच्या वेगवेगळ्या पिढ्यांतील पात्रे समोरासमोर येतात. काका, प्राध्यापक सतीश व तरुण अर्जुन यांच्या भूमिकांतील ताण हा नाटकाचा कणा आहे. सतीशची पत्नी हेमा ब्राह्मण असल्याने घरातील संवादांनाही सामाजिक परिमाण लाभते.

या नाटकाचे विश्लेषण करताना पात्रांवर शिक्के मारण्याचा मोह होण्याची शक्यता असते: काका म्हणजे जुनी पिढी, सतीश म्हणजे सुशिक्षित मध्यमवर्ग, अर्जुन म्हणजे बंडखोर तरुण. हे वर्णन चुकीचे नाही, पण ते विश्लेषणाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. पात्र एखाद्या गटाचे प्रतिनिधित्व करत असले तरी त्याचे स्वतःचे नाते, भीती व जिव्हाळा असतो. भूमिका आणि माणूस यांत जेथे अंतर पडते, तेथे व्यक्तिरेखा बहुपदरी होते.

नाटकाचे शीर्षक प्रतीकात्मक आहे. 'वाट' व 'पळवाट' हे शब्द कोणत्याही एका पात्राला कायमचे चिकटवता येत नाहीत. एका पात्राला जी वाट वाटते, ती दुसऱ्याला पळवाट वाटू शकते. नाटकात निवेदक नसल्याने याचा निवाडा प्रेक्षकावर सोपवलेला असतो.

प्रतीक ओळखण्याच्या कसोट्या

कृतीतील प्रत्येक वस्तू प्रतीक नसते. एखादी गोष्ट प्रतीक आहे असे म्हणण्यापूर्वी सामान्यतः पुढील बाबी तपासल्या जातात.

१. ती गोष्ट पुन्हा पुन्हा किंवा निर्णायक क्षणी येते काय.
२. शीर्षकात, आरंभी वा अखेरीस तिला स्थान दिले आहे काय.
३. तिच्यातील बदल पात्राच्या स्थितीतील बदलाशी जुळतो काय.
४. ती काढून टाकल्यास कृतीचा अर्थ उणावतो काय.
५. सुचवलेल्या अर्थाला कृतीतील किमान दोन ठिकाणांचा आधार मिळतो काय.

श्रमाच्या व्यवहारातील शब्दही प्रतीकाचे रूप घेऊ शकतात. लातूरचे लेखक शेषराव मोहिते यांच्या एका कादंबरीचे नाव 'धूळपेरणी' आहे. पावसापूर्वी कोरड्या जमिनीत केलेल्या पेरणीला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक लवकर हाती येते, न आला तर बियाणे वाया जाते. शब्दाचा हा कृषिविषयक अर्थ ठाऊक असल्याशिवाय त्यातील भरवसा व धोका ही दोन्ही सूचने लक्षात येत नाहीत. म्हणून प्रतीकाच्या विश्लेषणाची पहिली पायरी शब्दाचा व्यवहारातील अर्थ जाणून घेणे ही असते.

वाचकाचा परिसर

प्रतीकाचे ग्रहण वाचकाच्या अनुभवावरही अवलंबून असते. पाणी हे भारतीय साहित्यात पावित्र्य, प्रवाह व जीवन यांचे परिचित प्रतीक आहे. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईमुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. तो काळ अनुभवलेल्या वाचकाच्या मनात पाण्याच्या उल्लेखाबरोबर रांग, घागर व टँकरही येणे स्वाभाविक आहे. त्याचप्रमाणे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची जाड भिंतींची घरे कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्या परिसरातील वाचकाला दगडी भिंत हे केवळ सुरक्षिततेचे चिन्ह वाटेलच असे नाही.

असा अनुभव वाचनाला खोली देतो, मात्र तो कृतीच्या जागी ठेवता येत नाही. कवितेतील पाण्याचा संदर्भ भक्तीचा असेल, तर टंचाईचा अर्थ तिच्यावर लादणे योग्य ठरत नाही. आपला अनुभव प्रश्न विचारण्यासाठी वापरावा आणि उत्तर कृतीत शोधावे, असा समतोल त्यासाठी राखावा लागतो.

शालेय लेखनातील उपयोजन

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या लातूर विभागात लातूर, नांदेड व धाराशिव (उस्मानाबाद) हे जिल्हे येतात. मराठीच्या कृतिपत्रिकेत आकलन, स्वमत व कवितेचे रसग्रहण यांचा समावेश असतो. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी विचार अपेक्षित असतो. प्रतीकाचा विचार या तिन्ही अंगांत येऊ शकतो.

व्यक्तिरेखेवरील उत्तर विधान, पुरावा, स्पष्टीकरण व मर्यादा या क्रमाने लिहिल्यास ते सुसंगत होते. 'लाल चिखल'मधील वडिलांविषयी 'ते रागीट, कष्टाळू व गरीब होते' हे उत्तर विशेषणांची यादी ठरते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे मांडणी करता येते: 'वडिलांचा संताप त्यांच्या स्वभावातून आलेला नाही, तो श्रमाला मोल न मिळाल्याने आलेला आहे (विधान). भाव कोसळल्यावर ते आपलाच माल तुडवतात (पुरावा). ज्याने पीक वाढवले त्यानेच ते नष्ट करावे, यावरून तोट्याइतकाच अपमानही त्यांना असह्य झाल्याचे दिसते (स्पष्टीकरण). मात्र हे सर्व मुलाच्या नजरेतून कळत असल्याने वडिलांच्या मनातील विचार आपल्याला थेट समजत नाहीत (मर्यादा).' या उत्तरात विशेषणे कमी आहेत, पण कथेचे वाचन अधिक आहे.

प्रतीकावरील उत्तरातही हाच क्रम उपयोगी पडतो. त्यात वस्तूचा कथेतील प्रत्यक्ष अर्थ आधी आणि सूचित अर्थ नंतर लिहिला जातो.

सामान्य दोष

कथानकाचा सारांश लिहून त्यालाच विश्लेषण समजणे हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. पात्रांची चांगली व वाईट अशी विभागणी करणे, लेखकाच्या चरित्रावरून पात्राचा अर्थ ठरवणे आणि निवेदकाचे मत हेच लेखकाचे मत मानणे हे अन्य दोष होत. प्रतीकांच्या बाबतीत ठरीव अर्थांची यादी पाठ करण्याचा दोष दिसतो. पांढरा रंग म्हणजे शांतता, दिवा म्हणजे ज्ञान, लाल रंग म्हणजे क्रांती अशी समीकरणे काही वेळा लागू पडतात, पण ती प्रत्येक कृतीत तपासून घ्यावी लागतात.

मार्गदर्शक पुस्तकांतील तयार उत्तरे परीक्षेच्या तयारीत सोयीची असली, तरी त्यांत निष्कर्ष दिलेला असतो आणि निष्कर्षापर्यंतचा मार्ग बहुधा गाळलेला असतो. एकाच कथेची दोन भिन्न विश्लेषणे योग्य असू शकतात, परंतु कोणतेही विश्लेषण योग्य असते असा याचा अर्थ नाही. ज्या वाचनाला कृतीतील अधिक ठिकाणांचा आधार मिळतो आणि ज्याच्याशी विसंगत ठरणाऱ्या जागा कमी असतात, ते वाचन अधिक स्वीकारार्ह मानले जाते.